रोल्स रेझर कसा पाजवायचा: पट्टा रोज, दगड क्वचित

रोल्स रेझर, म्हणजे पातं पाजवायचा दगड आणि पट्टा पेटीतच असलेला दाढीचा जुना रेझर, हाती आला की बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच पात्याची उरलीसुरली धार घालवतात. झाकण काढायचं, दगडाच्या बाजूने दहा-पंधरा मिनिटं दांडा खटाखट मारायचा, मग दाढी ओरबाडली गेली की आणखी दहा मिनिटं मारायचा. पातं बोथट राहतं आणि दोष यंत्राला जातो. यंत्र बहुधा ठीकच असतं. चुकलेला असतो तो क्रम, आणि दगडाच्या आधी करायची तयारी झालेली नसते.

खाली दिलेली पद्धत जुन्या, वापरलेल्या पेटीसाठी आहे, कारण आता मिळते ती तशीच. रोल्स रेझर बनवणारी लंडनच्या क्रिकलवूडमधली कंपनी १९६४ साली बुडाली. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, घरातलं आजोबांचं कपाट किंवा परदेशातला ऑनलाइन लिलाव, यांपैकी कुठूनही पेटी आली तरी तिचे सुटे भाग कारखान्यातून येणार नाहीत. पातं, दगड किंवा दातेरी पट्टी तुटली, तर दुसरी पेटी शोधूनच ते भाग मिळवावे लागतात. म्हणून घाई नको.

## यंत्र चालतं कसं

पेटीला दोन्ही अंगांना निघणारी झाकणं आहेत. एकाच्या आत दगड बसवलेला असतो, दुसऱ्याच्या आत चामड्याचा पट्टा. मधल्या चौकटीत पातं एका सरकत्या पकडीत असतं. घडीचा दांडा उघडून मागेपुढे केला की पकड सरकते आणि प्रत्येक टोकाला दातेरी चक्र पातं उलटं करतं. त्यामुळे जाताना पात्याची एक बाजू घासली जाते, येताना दुसरी. एक जाणं आणि एक येणं मिळून होते एक फेरी. या लेखातले सगळे आकडे फेऱ्यांचे आहेत.

वापरायचं झाकण जागेवर ठेवायचं आणि समोरचं काढायचं, म्हणजे उघड्या बाजूने पात्यावर नजर ठेवता येते. दगडावर काम करताना पट्ट्याचं झाकण काढलेलं, पट्ट्यावर करताना दगडाचं.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. दगडावर पातं धार पुढे करून चालतं, पट्ट्यावर धार मागे ठेवून. दगड आणि पट्टा चौकटीच्या विरुद्ध अंगांना असल्यामुळे हे आपोआप घडतं. कोनही यंत्रच धरतं. तुमच्या हातात राहतात तीन गोष्टी: वेग, फेऱ्यांची संख्या आणि स्वच्छता.

## १. आधी फक्त पाहणी

दांड्याला हात लावण्यापूर्वी पातं बाहेर काढा. पकडीच्या खटक्याची रचना मॉडेलनुसार थोडी बदलते. खटका अडला तर पक्कड लावू नका, मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून तासभर थांबा. पातं नेहमी दोन्ही टोकांनी धरा, धारेच्या बाजूने कधीच नाही. सत्तर वर्षांचं पातंही बोट कापतं.

भिंगातून (घड्याळजी वापरतात तसं दहापटीचं असेल तर उत्तम) धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहा. दिव्याखाली धार आपल्याकडे करून धरली आणि तिच्यावर बारीक चमकती रेघ दिसली, तर तिथे धार बोथट आहे. चांगली धार प्रकाश परत फेकत नाही, ती काळीच दिसते.

- चमकती रेघ, पण सरळ: पेटीच्या दगडावर सुधारेल.
- भिंगातूनच दिसणाऱ्या बारीक खाचा: सुधारतील, पण वेळ लागेल.
- नुसत्या डोळ्यांना दिसणारी खाच, किंवा धारेपर्यंत पोचलेला गंजाचा खड्डा: पेटीचा दगड यासाठी नाही. वस्तरे हाताने दगडावर पाजवणाऱ्या जाणकाराकडे पातं द्या आणि त्याला मोटरच्या चाकाला लावू नका असं बजावून सांगा. चाकावर धारेचा पातळ भाग तापून पात्याचं पाणी उतरतं, मग ती धार टिकत नाही.

आता पातं न लावता दांडा सावकाश मागेपुढे करा. दोन्ही टोकांना पकड पूर्ण उलटली पाहिजे. ती मध्येच थबकत असेल तर दातांत जुना साबण आणि वाळलेलं तेल अडकलं आहे.

> सावधान: पकड नीट उलटत नसताना पातं लावून दांडा मारू नका. अर्धवट उलटलेलं पातं दगडाच्या काठावर आपटतं आणि एका झटक्यात धारेचा कोपरा उडतो. जुन्या पेट्यांमधल्या बऱ्याच पात्यांचे कोपरे असेच गेलेले आहेत.

## २. साफसफाई आणि तेल

पेटी पाण्यात बुडवू नका. दोन्ही झाकणं बाजूला काढून ठेवा आणि फक्त चौकट साफ करा. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये किंवा स्पिरिटमध्ये ओला करून दातेरी पट्टीचे दात एकेक करून घासा. दातांच्या बुडाशी बसलेला करडा लगदा टाचणीने निघतो. सुती फडक्याने पुसा आणि रात्रभर उघडं ठेवा.

तेल शिलाई मशीनचं, पातळ. दातेरी पट्टीवर दोन थेंब आणि पकड ज्या सळीवर सरकते तिच्यावर एक. मग वीस-पंचवीस वेळा रिकामा दांडा फिरवा आणि वर आलेलं तेल पुसून टाका. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं आणि नंतर चिकट होतं. ग्रीसही नको. जास्तीचं तेल उडून पट्ट्यावर आणि दगडावर जातं, आणि तेल प्यायलेला दगड कापत नाही.

बाहेरच्या मुलाम्याला ब्रासो लावायचं असेल तर अगदी हलक्या हाताने आणि झाकणं वेगळी असतानाच. चकाकीचा धारेशी काही संबंध नाही, हे काम टाळलं तरी चालतं.

## ३. दगड

जुन्या पेटीत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच असतो. तीन गोष्टी तपासा.

चीर. नख दगडावर आडवं ओढा. नख अडकलं तर चीर वर आली आहे, आणि प्रत्येक फेरीला धार त्याच रेषेवर ठेचकाळणार. केसासारखी चीर असेल आणि दोन्ही भाग एका पातळीत असतील, तर दगड वापरता येतो. एक भाग किंचित वर उचललेला असेल तर मात्र आधी दुरुस्ती.

ढिलेपणा. झाकण कानाजवळ धरून हलकेच हलवा. दगड खुळखुळत असेल तर जुना चिकटपदार्थ सुटला आहे. दगड काढा, खालचं जुनं सगळं खरवडा, आणि अराल्डाइटचा पातळ, एकसारखा थर देऊन पुन्हा बसवा. वर सपाट काच ठेवून त्यावर वजन द्या आणि २४ तास हात लावू नका. थर जाड झाला किंवा एका अंगाला जास्त झाला, तर दगड तिरका बसतो आणि पात्याचं एकच टोक घासलं जातं. हा दोष पुढच्या मार्कर चाचणीत लगेच उघडा पडेल.

छिद्रं बुजणं. दगडावर काळपट, गुळगुळीत चकाकी दिसत असेल तर त्याची छिद्रं पोलादाच्या बारीक कणांनी आणि तेलाने बुजली आहेत. टूथब्रश, कोमट पाणी आणि भांडी घासायचं द्रव साबण एवढं पुरतं. फेस काळा होऊन येईल. दोन-तीनदा करा, ओल्या फडक्याने पुसा आणि झाकण उभं ठेवून पूर्ण एक दिवस वाळू द्या. गरम पाण्यात बुडवून ठेवू नका, चिकटवलेला दगड सुटून येतो.

दगडात मधोमध खोलगट भाग झाला असेल तर सपाट काचेवर १००० नंबरचा वॉटर पेपर ठेवून दगडाचं तोंड हलकं घासता येतं. पण इथे हात आखडता ठेवा. पात्याचा आस चौकटीत एकाच उंचीवर आहे. दगड जितका झिजवाल तितकं पातं जास्त कलून त्याला टेकणार, म्हणजे धारेचा कोन वाढत जाणार. केसभर घासणं क्षम्य आहे, पाव मिलिमीटर नाही.

## ४. पट्टा

चांगला पट्टा बोटांना किंचित मऊ आणि थोडा ओढ देणारा लागतो. वाळून काचेसारखा झालेला असेल तर आधी स्वच्छ कोरड्या फडक्याने धूळ काढा. मग दाढीच्या साबणाचा घट्ट फेस बोटभर घेऊन चामड्यात चोळा, जास्तीचा पुसा आणि वाळू द्या. नंतर तळहाताने चार-पाच मिनिटं जोर देऊन घासा. तळहाताची ऊब आणि त्वचेचं तेल चामड्याला पुरेसं असतं.

चामड्यावर आडवे कापे असतील आणि त्यांच्या कडा उचललेल्या असतील, तर २००० नंबरच्या वॉटर पेपरने त्या कडा बसवा. चामडं तडकून सुटत असेल तर बदला. नवं चामडं वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेलं, गुळगुळीत आणि जुन्याइतक्याच जाडीचं हवं. कोल्हापुरी चपलांचं चामडं अशाच पद्धतीने कमावतात. तळव्याचा तुकडा मात्र जाड आणि कडक असतो, तो इथे निरुपयोगी.

हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावायची असेल तर खडूने रेघ मारावी तेवढीच, आणि बोटाने पसरवून. चामड्याचा रंग खालून दिसला पाहिजे. पट्ट्याला ब्रासो किंवा टूथपेस्ट लावायचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. तो ऐकू नका. त्यातले कण धार ओरखडतात आणि चामड्यातून पुन्हा निघत नाहीत.

> तपासणी: पट्ट्याचं झाकण लावा, समोरचं काढा, पातं बसवा आणि दांडा अगदी सावकाश एकदा न्या-आणा. पात्याचा जाड कणा पुढे आणि धार मागून घसटत आली पाहिजे. धार पुढे जाताना दिसली तर तिथेच थांबा. पातं उलटं बसलंय किंवा झाकणं अदलाबदल झालीत. आणखी एक फेरी मारलीत तर पट्टा कापला जाईल.

सगळं बरोबर असेल तर झाकणांच्या आणि चौकटीच्या आतल्या कडेवर मार्करने जुळत्या खुणा करून ठेवा.

## ५. मार्कर चाचणी

ही पाच मिनिटांची पायरी सगळे गाळतात, आणि नेमकी तीच पुढची चूक वाचवते.

कायमच्या शाईच्या काळ्या मार्करने धारेलगतचा दोन मिलिमीटरचा भाग दोन्ही बाजूंनी रंगवा. वाळू द्या. दगडाच्या बाजूला तीन फेऱ्या मारा. पातं काढून भिंगाखाली पाहा.

- शाई अगदी धारेपाशी, टोकापासून टोकापर्यंत गेली असेल तर कोन जुळला. पुढे चला.
- शाई धारेच्या मागे गेली पण धारेवर अजून काळी रेघ आहे: दगड अद्याप धारेपर्यंत पोचत नाही. आधीच्या मालकाने हाताने वेगळ्या कोनात पाजवलेल्या पात्यात हे दिसतं. सुरुवातीला जास्त फेऱ्या लागतील.
- शाई एकाच टोकाला गेली: दगड तिरका आहे किंवा झाकण नीट बसलं नाही. झाकण काढून पुन्हा दाबून बसवा, चाचणी परत करा. तोच निकाल आला तर मागे जाऊन दगडाची बैठक सुधारा.
- एका बाजूची शाई गेली, दुसऱ्या बाजूची तशीच: पकड एका टोकाला पूर्ण उलटत नाही. साफसफाईकडे परत.

उरलेली शाई स्पिरिटने पुसा, नाहीतर ती दगडात भरते.

## ६. दगडावर पाजवणं

दगड कोरडा ठेवा. पाणी किंवा तेल लावायची सवय सुऱ्या पाजवणाऱ्यांना असते. इथे ते पाणी दातेरी पट्टीत उतरतं आणि गंज धरतं.

पेटी टेबलावर सपाट ठेवा, खाली दुमडलेला रुमाल घाला म्हणजे ती सरकणार नाही. एका हाताने चौकट दाबून धरा, दुसऱ्या हाताने दांडा. दांडा प्रत्येक वेळी टोकापर्यंत गेला पाहिजे. अर्ध्यावरून परत ओढलात तर पातं उलटत नाही आणि धार दगडावर चुकीच्या दिशेने खरडते. वेग साधारण सेकंदाला एक फेरी, सुरुवातीला त्याहून कमी. दांडा खाली दाबू नका. पातं दगडाला टेकवायचं काम यंत्र करतं, तुमच्या दाबाने फक्त पकड वाकते.

आवाज ऐका. दोन्ही टोकांना सारखा, कोरडा खटका आणि मध्ये सलग घासल्याचा सूर यायला हवा. एका टोकाचा खटका दबका येत असेल किंवा मध्येच टिक् असा वेगळा आवाज असेल, तर थांबून पाहा.

फेऱ्या किती? बाजारातून आणलेल्या बोथट पात्याला पहिल्यांदा २० फेऱ्या, मग भिंग. चमकती रेघ शिल्लक असेल तर आणखी २०. अशा पाच खेपांतही रेघ गेली नाही, तर पात्याला हाताने पाजवून घेण्याची गरज आहे. शंभरच्या पुढे मारत राहून काही साधत नाही, दगड मात्र झिजतो. नित्याच्या वापरातल्या पात्याला ५ ते ८ फेऱ्या पुरतात. त्याही पट्ट्याने भागेनासं झालं तरच, म्हणजे साधारण आठ-दहा दाढ्यांनंतर.

जास्त दगड का वाईट, याचं कारण धारेतच आहे. धार एका मर्यादेपलीकडे पातळ झाली की पोलाद कापलं न जाता एका अंगाला दुमडतं. भिंगाखाली तो पापुद्रा तुटक, चमकत्या काठासारखा दिसतो. दाढी करताना तोच पापुद्रा मोडून गालावर ओरखडे उठतात. माणूस समजतो धार कमी पडली, पुन्हा दगडाकडे वळतो, आणि पापुद्रा आणखी वाढतो.

> तपासणी: दगडाच्या शेवटच्या फेरीनंतर पातं बाहेर काढून कण्याकडून धारेकडे मऊ फडक्याने पुसा. चौकटही पुसा. दगडाची करडी भुकटी पट्ट्यावर गेली तर पट्टाच दगड होतो.

## ७. पट्ट्यावर

दगडानंतर लगेच ४० ते ५० फेऱ्या. रोजच्या दाढीआधी २० ते ३०. इथे वेग थोडा वाढवला तरी चालतो, पण टोकापर्यंत जाण्याचा नियम तोच. पातं आणि पट्टा दोन्ही पूर्ण कोरडे हवेत. ओलं पातं चामड्यावर फिरवलं की चामडं फुगतं आणि धारेला गोल करतं.

धार नखावर घासून पाहायची सवय सोडा. प्रत्येक नख-चाचणी धारेचा थोडा भाग खाते. हाताच्या मनगटावरचे केस त्वचेपासून तीन-चार मिलिमीटर वरून पात्याने हलकेच छेडा. काही केस टपकन तुटले तर दाढीला हरकत नाही. नुसते वाकले तर पट्ट्यावर आणखी २० फेऱ्या.

## ८. दाढी, आणि तिच्यानंतरची दोन मिनिटं

पातं मुठीत बसवा, गार्ड अडकवा आणि तो पूर्ण बसल्याची खात्री करा. गार्ड असला तरी हे पातं वस्तऱ्याच्याच जातीचं, जाड आणि वजनदार आहे. त्वचेशी तीसेक अंशांचा कोन ठेवा, दाब देऊ नका, आणि पातं धारेच्या रेषेत आडवं कधीच सरकवू नका. पहिल्या काही वेळा फक्त गाल करा, हनुवटी नंतर.

जुनं पातं पहिल्यांदा वापरण्याआधी साबणाने धुऊन ७० टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये दहा मिनिटं ठेवा, मग पुसून वाळवा. एक पातं एकाच माणसाचं. बाप-लेकांनीही वाटून घेऊ नये, रक्तातून पसरणारे आजार घरातल्यांनाही होतात.

दाढी झाली की पातं गार पाण्याखाली धुवा, कण्याकडून धारेकडे पुसा, पाच मिनिटं हवेवर ठेवा. मग पेटीत बसवून पट्ट्यावर १० फेऱ्या. या फेऱ्या धारेवरचा उरला ओलावा काढतात, आणि गंज लागायला सुरुवात धारेपासूनच होते.

मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर एवढ्यावर भागत नाही. हे पोलाद स्टेनलेस धरून चालू नका. धारेवर मशीनच्या तेलाचं बोट फिरवा, पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पेटी न्हाणीघराबाहेर ठेवा. तेल लावलेलं पातं पट्ट्यावर नेण्याआधी स्पिरिटने पुसायला विसरू नका.

## नेहमी येणाऱ्या अडचणी

दाढी ओढते, पण केस-चाचणी पास होते. धार बरोबर आहे, फेस पातळ आहे किंवा कोन उभा आहे. दगडाकडे जाऊ नका.

पात्याचं एक टोक कापतं, दुसरं नाही. मार्कर चाचणी पुन्हा. बहुधा झाकण एका कडेला उचललेलं असतं. झाकण बसतं त्या खाचेत साबणाचा खडा अडकलेला सापडतो.

पट्ट्यावर एकाच जागी समांतर रेघा उमटतात. धारेला खाच आहे. भिंगाने शोधा. तोवर पट्टा वापरू नका.

दांडा अचानक जड झाला. जोर लावू नका. पातं काढा, पकड रिकामी फिरवा. तरी जड असेल तर दातेरी पट्टीत कचरा आहे, रिकामी हलकी चालली तर पातं पकडीत तिरकं बसलं होतं.

साध्या दुधारी ब्लेडला हे यंत्र चालेल का? नाही. ही पकड रोल्सच्याच जाड पात्यासाठी आहे. शिवाय आजच्या पातळ ब्लेडच्या धारेवर लेप असतो, तो घासून काढल्यावर ब्लेड सुधारत नाही.

दगड पूर्ण फुटला. तुकडे जुळवून चिकटवू नका, सांध्यावर धार मरेलच. दुसरी पेटी मिळेपर्यंत पट्ट्याचं झाकण वापरत राहा. पातं चांगल्या अवस्थेत असेल आणि पट्ट्यावर हिरवी पेस्ट असेल, तर दगडावाचून बरेच महिने निघतात.